घरांत विजेची चूल आणण्यापूर्वीं

स्वयंपाकघरांतील धूर हा वर्धेकरांस नवा विषय नाहीं. १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचें ठाणें आपल्या शहरांतील मगनवाडींत पडलें. तेथें तेलघाणी, हातकागद आणि मधमाशा यांच्या जोडीला घरच्या चुलीचाही विचार झाला, आणि धूर नळीवाटें बाहेर नेणारी 'मगनचूल' तयार झाली. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ सालीं वारले; मगनवाडी हें नांव त्यांच्याच स्मरणार्थ दिलेलें आहे. तेथील मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलें गेलें, आणि आजही तें आपणांस पाहतां येतें. गृहिणीच्या डोळ्यांतील पाणी हा शास्त्रीय विचाराचा विषय आहे, हें आपल्या जिल्ह्यानें त्या काळींच ओळखिलें होतें.

आतां पुष्कळ घरांत चुलीची जागा गॅसनें घेतली आहे, आणि गॅसच्या शेजारीं विजेची शेगडीही येऊन बसूं लागली आहे. तिला धूर नाहीं, राख नाहीं, आणि पेटविण्यास काडीही लागत नाहीं. परंतु लाकडाच्या चुलीचा एक गुण तिच्यांत नाहीं. जाळ डोळ्यांस दिसतो, धूर नाकांत शिरतो, गॅस सुटला तर वास येतो. तारेंतून वाहणारी वीज मात्र दिसत नाहीं आणि तिला वासही नसतो. म्हणून ह्या चुलीची सावधगिरी ती विकत आणण्यापूर्वीं घराच्या भिंतींत आणि अंगणाच्या मातींत तयार करून ठेवावी लागते. ती कशी करावी, हें विद्यार्थी व त्यांचे मातापिता यांस सोप्या शब्दांत सांगावें, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम एक हकीगत सांगतों. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या ओळखीच्या एका घरीं विजेची शेगडी आली. दोनचार दिवसांतच भांड्यास हात लावला कीं आईच्या बोटांस झिणझिण्या येऊं लागल्या. कोणीं तरी सल्ला दिला कीं, पायांखालीं कोरडा लाकडी पाट घ्यावा. पाट घेतला, झिणझिण्या थांबल्या, आणि महिनाभर सारें सुरळीत चालल्यासारखें वाटलें. एके दिवशीं घरची मुलगी न्हाऊन ओल्या पायांनीं स्वयंपाकघरांत आली. तिचा एक हात पातेल्यास लागला आणि दुसऱ्या हातानें ती नळ सोडूं लागली, तोंच ती दूर फेंकली गेली. दैव बलवत्तर म्हणून ती वांचली. परंतु घटकाभर तिला शब्द फुटेना. पुढें वायरमननें भिंतीवरील सॉकेट उघडलें, तेव्हां उलगडा झाला. सॉकेटला तीन भोंकें होतीं, पण वरच्या मोठ्या भोंकामागें तारच जोडलेली नव्हती! पाटानें दुखणें बरें केलें नव्हतें. तें फक्त झांकून ठेविलें होतें.

ह्या तिसऱ्या तारेचें काम काय? शेगडीस तीन तारा जातात. पहिलींतून वीज येते, तिला आपण फेज म्हणतों. दुसरींतून ती परत जाते, ती न्यूट्रल. आणि तिसरी अर्थिंगची. ही तिसरी तार एरवीं रिकामीच असते. तिचें एक टोक शेगडीच्या धातूच्या अंगास आणि दुसरें टोक अंगणांतील जमिनींत पुरलेल्या नळीस वा पट्टीस जोडलेलें असतें. शेगडीच्या आंतील आवरण झिजून फेजची तार अंगास चिकटली, तर वीज ह्या सोप्या मार्गानें मातींत जाते. तो मार्ग तुटलेला असेल, तर ती वाट पाहत राहते, आणि जो प्रथम हात लावील त्याच्या शरीरांतून जमिनींत उतरते.

आपल्या घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. विद्यार्थ्यांनीं येथें एक सोपें गणित करावें. वॅटच्या आंकड्यास व्होल्टनें भागिलें कीं सुमारें किती अँपिअर प्रवाह वाहील तें कळतें. २००० वॅटची शेगडी सुमारें ८.७ अँपिअर ओढते. पंखा किंवा दिवा लावण्याचें लहान सॉकेट ६ अँपिअरचें, म्हणजे फार तर १३८० वॅटचें असतें. त्यांत ही शेगडी लावणें म्हणजे बकरीच्या पाठीवर बैलाचें ओझें घालणें होय. तिला १६ अँपिअरचें मोठें सॉकेट हवें, आणि मीटरजवळच्या पेटीपासून तेथपर्यंत स्वतंत्र तांब्याची तार हवी. ती निदान २.५ आणि शक्य तर ४ चौरस मिलिमीटर जाडीची असावी. भट्टीसह चार शेगड्यांची मोठी चूल ७००० वॅटची असली, तर प्रवाह ३० अँपिअरवर जातो. अशा चुलीस प्लगच लावूं नये; तिच्यासाठीं ६ चौरस मिलिमीटरची तार, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि वेगळा मोठा स्विच बसवून घ्यावा.

तारेच्या जाडीचा एवढा आग्रह कां? प्रवाह दुप्पट झाला, तर तारेंत उत्पन्न होणारी उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते; तिप्पट झाला, तर नऊपट. बारीक तार भिंतीच्या आंत निमूटपणें तापत राहते, तिचें आवरण वितळतें, आणि आग लागल्यावरच घरास तिची वार्ता कळते. लांब दोरीचे एक्स्टेन्शन बोर्ड, पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, एकाच सॉकेटांत अडकविलेले दोन प्लग, हीं सर्व ह्याच आगीचीं बीजें होत. शेगडी घेण्यापूर्वीं विजेच्या बिलावर आपला मंजूर भार किती किलोवॅट आहे तेंही पाहावें. शेगडी, गिझर आणि इस्त्री एकदम चालविल्यास ५ किलोवॅट सहज होतात. भार कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा. हें सर्व काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावें. ओळखीच्या हौशी माणसाकडून नव्हे.

आतां तीन पहारेकऱ्यांची ओळख करून घेऊं. पहिला एमसीबी. तार सोसेल त्याहून अधिक प्रवाह वाहूं लागला कीं तो वीज तोडतो. तो तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. माणसाच्या हृदयाची लय बिघडविण्यास अँपिअरचा अगदीं लहानसा अंशही पुरतो, आणि तेवढ्यानें १६ अँपिअरचा एमसीबी जागाही होत नाहीं. दुसरा पहारेकरी आरसीसीबी. आंत गेलेली वीज आणि परत आलेली वीज ह्यांचा तो अखंड हिशेब ठेवितो. घरासाठीं घ्यावयाच्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, असा आंकडा असतो. तेवढी तूट आली, म्हणजे वीज दुसऱ्याच वाटेनें पळूं लागली, कीं निमिषार्धांत तो पुरवठा बंद करितो. तिसरा पहारेकरी अर्थिंग.

कोणी विचारील, अर्थिंग चांगली असतां आरसीसीबीचा खर्च कशास? ह्याचें उत्तर आपल्या जिल्ह्याच्या मातींत आहे. कपाशीची आपली काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. पुरलेल्या नळीभोंवतालची माती सुकून सुटली, कीं विजेचा मार्ग अवघड होतो. समजा, मे महिन्यांत त्या मार्गाचा विरोध २३ ओहम झाला. २३० भागिलें २३, म्हणजे बिघाड झाल्यावर प्रवाह फक्त १० अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी तो निमूटपणें वाहूं देईल, आणि शेगडीचें अंग विजेनें भरलेलेंच राहील! आरसीसीबी मात्र तत्क्षणीं वीज तोडील. म्हणून ह्या तिघांपैकीं एकासही रजा देऊं नये. अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळाभर वरचेवर पाणी घालावें, आणि वर्षांतून एकदां, शक्यतों ऐन उन्हाळ्यांत, वायरमनकडून तिचा विरोध मोजून घ्यावा. आरसीसीबीवर 'टी' अक्षराचें एक बटण असतें. घरांतील वडील माणसानें तें महिन्यांतून एकदां दाबावें; वीज गेली तर पहारेकरी जागा आहे असें समजावें, न गेली तर तो बदलावा.

शेगडीची जागाही विचारपूर्वक नेमावी. ती नळ व मोरीपासून दूर, हातांच्या टप्प्याबाहेर असावी. एक हात शेगडीवर व दुसरा नळावर जाईल अशी मांडणी कदापि करूं नये. सॉकेट शेगडीच्या पाठीमागें नसून बाजूस असावें, म्हणजे प्रसंगीं जाळावरून हात न नेतां स्विच बंद करितां येतो. वर पडदा, दिनदर्शिका, वर्तमानपत्राचा कागद असूं नये. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांकडे चढला कीं घरोघर कूलर चालू होतात. कूलर आणि शेगडी एकाच तारेवर असूं नयेत. पत्र्याचा, पाण्यानें भरलेला कूलर हा अर्थिंगच्या बाबतींत शेगडीहूनही अधिक घातक असतो, हें जातां जातां सांगून ठेवितों.

विजेच्या शेगड्या मुख्यत्वें दोन प्रकारच्या. पहिलींत तारेचें वेटोळें तापून लाल होतें आणि त्याची उष्णता भांड्यास मिळते. तिच्यावर कोणतेंही सपाट बुडाचें भांडें चालतें. परंतु वेटोळें उघडें असलेली शेगडी घेऊंच नये. दुसरी इंडक्शनची. १८३१ सालीं मायकेल फॅरेडे ह्यानें दाखविलें कीं, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळें जवळच्या धातूंत वीज उत्पन्न होते. इंडक्शनच्या कांचेखालीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें व त्यांतील प्रवाह सेकंदास वीस हजारांहून अधिक वेळां दिशा बदलतो. त्यामुळें भांड्याच्या लोखंडी बुडांतच प्रवाह फिरतो आणि भांडें स्वतःच तापतें. तांब्याचीं, पितळेचीं वा ॲल्युमिनियमचीं साधीं भांडीं येथें चालत नाहींत. बुडास लोहचुंबक चिकटला तर भांडें चालेल, ही सोपी परीक्षा. ज्वारीची भाकरी मात्र शेवटीं उघड्या जाळावर फुगविण्याची आपली रीत असल्यामुळें, तेवढ्यासाठीं गॅस किंवा चूल ठेवावीच लागते. हृदयांत पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीनें इंडक्शनजवळ काम करण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वापरण्याचे नियम थोडेच, पण रोजचे आहेत. हात कोरडे असावेत, पायांत चप्पल असावी. भांडें उतरविल्यावर स्विच भिंतीवरूनही बंद करावा. बंद केलेली शेगडी बराच वेळ तापलेली राहते आणि तसें दिसत मात्र नाहीं. लहान मुलांस ह्यासाठींच दूर ठेवावें. दूध उतूं गेलें तर आधीं वीज बंद, मग फडकें. कांचेस तडा गेला तर शेगडी वापरूंच नये, कारण त्या चिरेंतून पाणी आंतील तारांपर्यंत पोंचतें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें: स्वयंपाक चालू असतां वीज गेली, तर पहिलें काम शेगडीचा स्विच बंद करणें. वेटोळ्याची शेगडी चालूच राहिली, माणसें बाहेर गेलीं वा झोंपलीं, आणि रात्रीं वीज परत आली, तर रिकाम्या घरांत ती आपोआप पेटते.

इतकें करूनही अपघात झाला तर गोंधळूं नये. कोणास विजेनें धरलें असेल तर त्याला हात लावूं नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. तो सांपडत नसेल तर कोरड्या जागीं उभें राहून कोरड्या लांकडानें वा बांबूनें त्यास तारेपासून दूर लोटावें. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचें शिक्षण घेतलेल्यानें तें तात्काळ सुरू करावें, आणि दुसऱ्यानें १०८ किंवा ११२ ह्या क्रमांकावर हांक मारावी. शेगडीस आग लागल्यास पाणी कधींही ओतूं नये. कढईंतील तेल पेटलें तर वीज बंद करून वर झांकण ठेवावें. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटें थंड वाहतें पाणी धरावें. शाई किंवा दांतांची पेस्ट लावूं नये.

शेवटीं एक विचार. आपल्या घरांतून धूर गेला म्हणजे तो जगांतून गेला असें नव्हे. शेजारच्या कोराडी व चंद्रपूर येथील वीजकेंद्रांत कोळसा जळतो, तेव्हां आपली शेगडी तापते. म्हणून भांड्यावर झांकण ठेवावें, डाळ आधीं भिजत घालावी, आणि वाचलेल्या प्रत्येक युनिटबरोबर कोणाच्या तरी डोळ्यांतील धूर कमी झाला असें समजावें.

विद्यार्थीमित्रांनो, येत्या रविवारीं वडील माणसांस बरोबर घेऊन आपल्या घरांत एक फेरी मारा. कोणत्या प्लगची तिसरी पीन कापलेली आहे? कोणतें सॉकेट काळवंडलें आहे? पेटींत आरसीसीबी आहे कीं नाहीं? अर्थिंगचा खड्डा कोठें आहे, आणि त्यांत शेवटचें पाणी केव्हां घातलें होतें? सर्व वहींत टिपून घ्या. पाहणें तुमचें काम. हात लावणें जाणत्याचें. आणि भांड्यास हात लागतांच कधीं बोटांस झिणझिण्या आल्या, तर पाट शोधूं नका. स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. ज्या मुलीची हकीगत आम्ही वर सांगितली, तिच्या घरीं आज तिसरी तार जोडलेली आहे; तुमच्या घरीं ती जोडली जाण्यास अपघाताची वाट पाहावी लागूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.