बुरशीला खाणारी बुरशी

डिसेंबर उजाडला, की तळेगाव दाभाडे परिसरातील गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये सगळ्यांचे लक्ष १४ फेब्रुवारीकडे लागते. ‘व्हॅलेंटाइन डे’साठी मावळातला गुलाब देशातल्या मोठ्या शहरांत आणि परदेशातही जातो. नेमक्या याच दिवसांत, दिवसा ऊब आणि रात्री गारठा असताना, कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग दिसू लागतात. ही भुरी. तिच्यामुळे पाने वळतात, कळी नीट उमलत नाही आणि फूल प्रतवारीत मागे पडते.

भुरी हा बुरशीमुळे होणारा रोग. पण बुरशीलाही रोग होतो आणि तो करणारी असते दुसरी बुरशीच. पावसाळ्यात जंगलात कुजक्या ओंडक्यावरच्या जुन्या अळंबीवर कधी पांढरा, कधी हिरवट थर चढलेला दिसतो. अनेकदा तो अळंबी कुजल्याचा डाग नसतो, तर अळंबीवर जगणारी वेगळी बुरशी असते.

भुरीवर जगणाऱ्या अशा बुरशीचे नाव ॲम्पेलोमायसेस. ग्रीक भाषेत ‘ॲम्पेलोस’ म्हणजे द्राक्षवेल. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये द्राक्षावर भुरी आढळली आणि पुढे ती युरोपभर पसरली. त्या भुरीवरच्या या परोपजीवी बुरशीचे वर्णन १८५२ मध्ये झाले. ॲम्पेलोमायसेसचा बीजाणू ओलाव्यात रुजतो, त्याचा तंतू भुरीच्या तंतूत शिरतो आणि आतून अन्न शोषतो. साधारण आठवडाभरात भुरीच्याच शरीरात त्याची बीजाणूंनी भरलेली सूक्ष्म फळे तयार होतात. पांढरा डाग मग करडा, मळकट दिसू लागतो.

शेतकऱ्यांच्या अधिक ओळखीची बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. ती मातीत राहते. मर आणि मूळकुज घडवणाऱ्या बुरशीच्या तंतूला ती वेढे घालते, विकरांनी त्याची भिंत विरघळवते आणि आतले अन्न घेते. कॅलिफोर्नियात संशोधन करणाऱ्या रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये तिचा हा स्वभाव दाखवून दिला.

पुडीत असतो जीव

अडचण होते ती हे औषध जिवंत आहे, याचा विसर पडल्याने. ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम एकत्र दिले, तर बुरशीनाशक आधी ट्रायकोडर्मालाच मारते. भुरीसाठी गंधक आणि ॲम्पेलोमायसेस पाठोपाठ फवारले, तरी तेच होते. पैसे दोन्हींचे जातात आणि दोष जैविक औषधावर येतो. दोन फवारण्यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे, हे वेष्टनावर पाहावे किंवा कृषी तज्ज्ञांना विचारावे. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेली किंवा मुदत उलटलेली पुडीही निरुपयोगी ठरू शकते.

या बुरशीच्या मर्यादाही आहेत. ॲम्पेलोमायसेसला रुजायला हवेत भरपूर दमटपणा लागतो, तर भुरी कोरड्या पानावरही वाढते. शिवाय परोपजीवी आपल्या यजमानाला सहसा पूर्ण संपवत नाही. म्हणून पहिला डाग दिसताच फवारणी केली तर उपयोग होतो. पाने पांढरी पडल्यावर केवळ तिच्यावर विसंबून चालत नाही. रोगट पाने काढणे आणि हवा खेळती ठेवणे, ही कामे करावीच लागतात.

मित्र इथे, शत्रू तिथे

गुलाबाच्या बेडमध्ये हवीहवीशी वाटणारी ट्रायकोडर्मा अळंबीच्या शेडमध्ये मात्र नको असते. कारण अळंबी हीसुद्धा बुरशीच. १९८० च्या दशकात आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या बटन अळंबीच्या उत्पादकांना ट्रायकोडर्माच्याच एका जातीने मोठा फटका दिला होता. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी घेणाऱ्यांना पिशवीतले हिरवे डाग परिचयाचे आहेत. पेंढा नीट निर्जंतुक करणे आणि डाग पडलेली पिशवी न उघडता तातडीने शेडबाहेर नेणे, हाच त्यावरचा मुख्य उपाय. एकाच घरात फुलशेती आणि अळंबी दोन्ही असतील, तर ट्रायकोडर्मा हाताळल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच शेडमध्ये जावे.

आरोग्याच्या दृष्टीने पाहता, रासायनिक फवारण्या कमी झाल्या तर बंदिस्त पॉलिहाउसमध्ये दिवसभर राबणाऱ्या मजुरांच्या श्वासात आणि त्वचेवर जाणारी रसायने कमी होतात. पण ‘जैविक’ म्हणजे बेफिकिरी नव्हे. भुकटीची धूळ नाकात गेल्यास दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. रोगप्रतिकारशक्ती अतिशय कमी असलेल्या रुग्णांत ट्रायकोडर्माचा संसर्ग झाल्याच्या दुर्मीळ नोंदीही आहेत. त्यामुळे भुकटी मिसळताना मास्क आणि हातमोजे वापरावेत आणि अशा रुग्णांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.