भिडूने ‘एक बदाम’ म्हटल्यावर

समोरून भिडूची बोली आली, ‘एक बदाम’. तुमच्या हातात इस्पिकची एकटी सत्ती, बदामचा राजा आणि तीन बारकी पानं, चौकटचा एक्का आणि तीन बारकी, किलवरची चार फुटकळ. एक्क्याचे 4, राजाचे 3, एकूण 7 गुण. किती म्हणाल?

सोसायटीतल्या रविवारच्या डावात मी ‘दोन बदाम’ म्हटलं होतं. भिडू थांबला आणि त्याने दहा हात केले! पदरात 170, ‘चार बदाम’ बोललो असतो तर 420. पत्ते पिसून होईपर्यंत भिडू माझ्याशी बोलला नाही.

बदाम किंवा इस्पिकने सुरुवात करणाऱ्याकडे बहुतेक पद्धतींत त्या रंगाची किमान पाच पानं असतात. तुमच्याकडे तीन असली की झाली आठ. उरलेली पाच विरोधकांत तीन-दोन अशी पडण्याची शक्यता सुमारे 68 टक्के. एवढ्यावर हुकूम ठरवायला हरकत नाही. दोनच पानं असतील तर मात्र घाई नको.

आता हाच 7 गुणांचा हात सपाट करून बघा: बदामचा राजा आणि दोन बारकी, इस्पिक आणि चौकटची राणी, आखूड रंग एकही नाही. इथे ‘दोन बदाम’च योग्य. पण पहिल्या हातात इस्पिकचा एक हात गेला की पुढची इस्पिकं तुम्ही डमीतल्या हुकमाने मारणार, आणि ते हात भिडूच्या पाच हुकमांवर वरकड. म्हणून हुकमाची चार पानं असताना एकट्या पानाचे 3 गुण वाढवायचे. झाले 10. बोली ‘तीन बदाम’: “बरा हात असेल तर चार म्हण.” मात्र ते एकटं पान राजा किंवा राणी असेल तर दोन्हीकडून गुण मोजू नका, ही चूक जुने खेळाडूही करतात.

हातात चार इस्पिकं असली की आधी ‘एक इस्पिक’ म्हणावंसं वाटतं. हात 6 ते 9 गुणांचा आणि बदाम तीन असतील तर तो मोह टाळा. मध्ये विरोधकाने ‘तीन किलवर’ ठोकलं, तर तुमच्याकडे बदाम आहेत हे भिडूला कळणार कधी? याउलट पाच बदाम, एखादा रंग जवळपास रिकामा आणि गुण जेमतेम, असा हात आला तर सरळ ‘चार बदाम’ म्हणा. दहा हात होतील न होतील, पण विरोधकांना त्यांचं इस्पिक सापडायला जागा उरत नाही.