हाणामारीच्या चित्रणातील चुका

हाणामारीच्या चित्रपटातील चुका ताडू इच्छिणाऱ्या प्रेक्षकाने नायकाच्या मुठीवरील दृष्टी काढून ती मागील सृष्टीवर स्थिर करावी. कारण पडद्यावर तीन मिनिटांत आटोपणाऱ्या द्वंद्वाच्या चित्रणास पुष्कळदा कित्येक दिवस लागतात, आणि त्या दरम्यानचे फेरफार संकलकालाही सर्वस्वी लपवता येत नाहीत. केळव्याच्या किंवा शिरगावच्या किनाऱ्यावर असे द्वंद्व चालले आहे अशी कल्पना करा: भरती-ओहोटीत अदमासे सव्वासहा तासांचे अंतर असल्यामुळे एका ठोशाला पायांशी असलेले पाणी दुसऱ्या ठोशाला दूर गेलेले दिसले, तर मधला वेळ उघडकीस येतो. समुद्र पश्चिमेस, तेव्हा पाण्याकडे पडणारी लांब सावली सकाळची आणि सुरूच्या बनाकडची सायंकाळची, हे पालघर-तारापूरकडील माणसास सांगावयास नको. याहून सूक्ष्म गोष्ट वेगाची: सेकंदास २४ ऐवजी २० चित्रे टिपून ती २४ च्या गतीने दाखवली की हात विजेसारखा चालतो खरा, परंतु लाटाही तितक्याच घाईने फुटतात. चेहरा दिसेनासा झाला की बदली माणसाचा संशय घ्यावा. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये (१९७३) ब्रूस लीच्या कोलांट्या युएन वाह याने मारल्या होत्या. लाथ आणि छाती यांमधील पोकळीला मात्र लढणाऱ्याची चूक म्हणू नये. ती नटाच्या जिवाची हमी आहे, आणि ती दिसलीच, तर दोष कॅमेऱ्याच्या जागेचा.