इंजिन पक्षी गिळते तेव्हा…

प्रवासी विमानाचे नवे इंजिन वापरात येण्यापूर्वी त्याची एक विचित्र परीक्षा घेतली जाते. चाचणी-केंद्रात बसवलेले इंजिन पूर्ण वेगाने फिरत असते आणि दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या तोफेतून त्याच्या तोंडात मेलेले पक्षी डागले जातात. या परीक्षेशिवाय इंजिनाला उड्डाणयोग्यतेची मान्यता मिळत नाही.

या नियमांमागे अपघातांचा इतिहास आहे. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बॉस्टनहून उडालेल्या विमानाच्या इंजिनांत स्टार्लिंग या साळुंकीच्या कुळातील लहान पक्ष्यांचा थवा शिरला. विमान पाण्यात कोसळले आणि ७२ पैकी ६२ जण दगावले. त्यानंतर अमेरिकेत पक्षी-चाचणीचे निकष आखले जाऊ लागले.

निकषांचे मुख्य प्रकार दोन. थव्याने उडणारे मध्यम आकाराचे पक्षी एकाच वेळी सगळ्या इंजिनांत शिरू शकतात. म्हणून ते गिळल्यावरही इंजिनाने २५ टक्क्यांहून अधिक रेटा गमावता कामा नये आणि सुमारे २० मिनिटे चालत राहिले पाहिजे. तेवढ्या वेळात वैमानिक विमान वळवून उतरवू शकतो. एकट्या मोठ्या पक्ष्याबाबत अट वेगळी आहे. सर्वांत मोठ्या इंजिनांसाठी हा पक्षी ३.६५ किलोचा धरतात. इंजिन बंद पडले तरी चालते. पण धोकादायक आग लागू नये आणि तुटलेल्या पात्यांचे तुकडे कवच फोडून बाहेर येऊ नयेत. दुसरे इंजिन शाबूत असेल, हे त्यामागचे गृहीतक.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर हे गृहीतक कोसळले. सुमारे २,८०० फुटांवर एअरबस ए-३२० विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गूस जातीचे मोठे पक्षी शिरले आणि दोन्ही इंजिनांचा रेटा जवळजवळ संपला. वैमानिकांनी विमान हडसन नदीत उतरवले. सर्व १५५ जण वाचले.

तपासात चाचणीतलीच एक उणीव पुढे आली. उड्डाणाच्या वेळी पंखा पूर्ण वेगाने फिरतो आणि पक्ष्याचे अवशेष बरेचसे बाहेरच्या कडेला भिरकावतो. ते गाभ्याला वळसा घालून निघून जातात. विमान वर चढताना मात्र त्याचा वेग वाढलेला आणि पंख्याचा वेग कमी झालेला असतो. अशा वेळी पक्षी पात्यांमधून निसटून थेट गाभ्यात, म्हणजे जिथे इंधन जळते त्या भागात, पोहोचण्याची शक्यता वाढते. अमेरिकेने २०२३ मध्ये या स्थितीतली चाचणीही नियमांत आणली.

मग कोणताही पक्षी पचवणारे इंजिनच का बनवत नाहीत? पाती जाड केली की इंजिन जड होते, इंधन जास्त लागते. त्यामुळे कोणता धोका इंजिनाने सोसायचा आणि कोणता जमिनीवर रोखायचा, याची वाटणी करावी लागते.

ही दुसरी बाजू आपल्याही जवळची आहे. मे २०२४ मध्ये मुंबईत उतरणाऱ्या विमानाला घाटकोपरजवळ फ्लेमिंगोंचा थवा धडकला. विमान सुखरूप उतरले, पक्षी मात्र मेले. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिसरात पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकण्यास आपल्याकडे नियमानेच मनाई केलेली आहे. इंजिनाची परीक्षा कारखान्यात होते. या नियमाची परीक्षा आपल्या गल्लीतल्या कचराकुंडीपाशी रोज होते.