सीआयएसएफची वर्दी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपुरात भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना वर्दी म्हटली की दोनच वाटा आठवतात, महाराष्ट्र पोलीस आणि सैन्य. तिसरी वाट समोर असूनही सहसा मोजली जात नाही. सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दारात तिकीट आणि ओळखपत्र पडताळणारा जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सीआयएसएफचा असतो. 1964 मध्ये रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये मोठी आग लागली, चौकशी झाली, आणि पुढे 1968 च्या कायद्यानुसार 10 मार्च 1969 रोजी हे दल उभे राहिले. सुरुवातीला त्याच्याकडे सरकारी कारखाने होते. डिसेंबर 1999 च्या विमान अपहरणानंतर, 2000 पासून विमानतळ आले, 2007 मध्ये दिल्ली मेट्रो आणि 2024 मध्ये संसद. या नोकरीबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच चुकीतून येतात, असे माझे मत आहे. आपण तिला पोलिसांच्या किंवा सैन्याच्या मापाने मोजतो. तिथे पराक्रम दिसतो, गुन्हा उघडकीला येतो. इथे मात्र दिवसभरात काहीच घडले नाही, तर काम चोख झाले असे समजायचे.

गैरसमज : ही शेवटी चौकीदारीच.
विमानतळावरचे एक्स-रे यंत्र जवळून पाहिले तरी हा समज टिकत नाही. पडद्यावर बॅगेतले सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे, मिश्र वस्तू हिरव्या. कपडे, डबा, चार्जर यांच्या गर्दीत एखादा आकार जागेवर नाही, हे तिथे बसलेल्या माणसाला काही सेकंदांत ओळखायचे असते. शंका आली की बॅग बाजूला निघते आणि हाताने तपासली जाते. नजर थकते म्हणून पडद्यासमोरचा माणूस ठरावीक वेळाने बदलतात. कायद्याच्या दृष्टीनेही अंतर मोठे आहे. खासगी रखवालदाराला अटकेचा जो मर्यादित अधिकार आहे, तो कोणत्याही नागरिकाला असतो. सीआयएसएफ हे 1983 पासून संघराज्याचे सशस्त्र दल आहे, आणि सोपवलेल्या आस्थापनेविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत त्याच्या जवानाला वॉरंटशिवाय अटक करता येते, झडतीही घेता येते.

गैरसमज : मग हे केंद्राचे पोलीसच.
इथे समज दुसऱ्या टोकाला जातो. राज्यघटनेने पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे दिले आहेत. सीआयएसएफने कोणाला पकडले, तर विनाविलंब स्थानिक पोलिसांच्या हवाली करावे, असे दलाचा कायदाच सांगतो. विमानतळावर प्रवाशाच्या बॅगेत जिवंत काडतूस सापडले, तर ते शोधणारा जवान सीआयएसएफचा असेल, पण गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदवला जाईल आणि तपासही तिथलाच अधिकारी करील. तपासाचीच आवड असणाऱ्याने राज्य पोलिसांकडेच जावे. त्यात कमीपणा कोणाचाच नाही, ही कामाची वाटणी आहे.

गैरसमज : ग्राउंड मारले की भरती पक्की.
हा समज सर्वांत महागात पडतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात आणि ते निवडीत धरले जातात. केंद्रीय दलांच्या शिपाई पदांसाठी कर्मचारी निवड आयोग, म्हणजे एसएससी, जी ‘जीडी’ परीक्षा घेतो, तिथे मुलांना 24 मिनिटांत 5 किलोमीटर आणि मुलींना साडेआठ मिनिटांत 1.6 किलोमीटर धावावे लागते. पण ही चाचणी फक्त पार करायची असते, तिला गुण नाहीत. गुणवत्ता यादी लागते ती संगणकावरच्या लेखी परीक्षेवर. ‘ती तर हिंदी-इंग्रजीवाल्यांची’ हा आक्षेप 2024 पर्यंत खरा होता. त्या वर्षापासून ती मराठीसह 13 प्रादेशिक भाषांतही होते. उंचीचे नियमही नीट वाचले जात नाहीत. मुलांसाठी सर्वसाधारण अट 170 सेंटिमीटरची असली, तरी मराठा उमेदवारांसाठी ती 165 आहे आणि अनुसूचित जमातीसाठी 162.5. विदर्भातल्या अनेक मुलांचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो. खरा काच वयाचा आहे. दहावी उत्तीर्ण पुरते, पण खुल्या गटाची मर्यादा 23 वर्षांची, तर राज्य पोलिसांत ती 28. आधी पोलीस भरतीत नशीब आजमावू, मग केंद्राचे बघू, या हिशेबात दुसरे दार नकळत बंद होते.

गैरसमज : थेट पंतप्रधानांच्या सुरक्षेत जाता येते.
काळा चष्मा आणि कानातली वायर पाहून अनेकांना एसपीजीची, म्हणजे पंतप्रधानांच्या सुरक्षा पथकाची, ओढ लागते. पण एसपीजीत थेट भरती नाही. तिथे प्रतिनियुक्तीवर, मुख्यतः केंद्रीय दलांमधून माणसे जातात. एनएसजी या कमांडो दलातही सैन्यातून आणि केंद्रीय दलांतूनच जातात. त्या दारापर्यंतचा रस्ता जीडी, उपनिरीक्षक किंवा असिस्टंट कमांडंट भरतीवरून जातो.

आता आक्षेप राहतो तो सुखसोयींचा. बदल्या देशभर होतात, घर लांब पडते, शिपायाला बढतीची बरीच वाट पाहावी लागते. हे खरे आहे आणि ते लपवून कोणाला या वाटेवर पाठवू नये. दल गृह मंत्रालयाचे असल्याने सैन्याच्या सगळ्या सवलतीही आपोआप मिळत नाहीत. 2004 पासून भरती झालेल्यांना सर्वसाधारणपणे जुनी पेन्शन लागू नाही. दुसऱ्या पारड्यात शिपायाचे 21,700 रुपये मूळ वेतन आणि त्यावर भत्ते, 60 वर्षांपर्यंतची सेवा, आणि बढती नसली तरी 10, 20 व 30 वर्षांनी निकष पूर्ण केल्यास मिळणारी वेतनवाढीची पायरी आहे. आगीशी झुंजायची तयारी असेल, तर बारावी विज्ञान झालेल्यांसाठी दलाची वेगळी अग्निशमन शाखाही आहे.

म्हणून ग्राउंडवर उतरण्याआधी प्रत्येकाने एका प्रश्नाचे खरे उत्तर शोधावे : टाळ्या मिळत नसताना, तेच दार आणि तोच पडदा समोर असताना, आठव्या तासालाही मी पहिल्या तासाइतका सावध राहू शकेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी वर्दी निवडणे शहाणपणाचे. ‘हो’ असेल, तर तेवीस पूर्ण होण्याची वाट पाहू नये. पुढची जाहिरात निघताच ती शेवटच्या पानापर्यंत वाचावी आणि धावण्याइतकाच वेळ लेखीच्या अभ्यासाला द्यावा.