फ्ल्युओरीनयुक्त प्रदूषकांचे अभिज्ञान
पाणी, माती व मानवी रक्त यांत असलेल्या, परंतु संरचना अज्ञात असलेल्या कार्बनी फ्ल्युओरीन संयुगांचा शोध. कार्बन-फ्ल्युओरीन बंध अत्यंत दृढ असल्याने परफ्ल्युओरोअल्किल संयुगांचे निसर्गात पूर्ण विघटन जवळजवळ होत नाही. पाणी व तेल न धरणारे कापड, न चिकटणारी भांडी आणि अग्निशामक फेस यांसाठी ती वापरली गेली. यांपैकी परफ्ल्युओरोऑक्टॅनॉइक अम्ल हे मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ठरविले. भूजलातील फ्ल्युओराइड अकार्बनी असून त्याच्या नेहमीच्या परीक्षेत ही संयुगे दिसत नाहीत.

नेहमीच्या विश्लेषणात ठराविक संयुगांची यादी घेऊन प्रत्येकाचे प्रमाण मोजतात. अशी संयुगे हजारो असल्याने यादीबाहेरची नजरेआड राहतात. म्हणून अकार्बनी फ्ल्युओराइड वगळून नमुन्याचा अर्क सु. १,०००° से. तापमानास जाळतात. त्यातून निघणारे हायड्रोजन फ्ल्युओराइड पाण्यात शोषून आयन वर्णलेखनाने मोजतात. या एकूण फ्ल्युओरिनातून ज्ञात संयुगांतील फ्ल्युओरीन वजा केल्यास उरणारी बाकी अज्ञात संयुगांची निदर्शक ठरते.

ही संयुगे ओळखण्यासाठी उच्च विभेदनक्षम द्रव्यमान वर्णपटमापक वापरतात. फ्ल्युओरिनाचे अणुद्रव्यमान १८.९९८४, म्हणजे पूर्णांकाहून किंचित कमी, तर हायड्रोजनाचे १.००७८, म्हणजे अधिक असते. त्यामुळे फ्ल्युओरीनबहुल रेणू वेगळे उमटतात. एकाच श्रेणीतील संयुगांत ४९.९९६८ इतका (एक कार्बन व दोन फ्ल्युओरीन अणूंचा) फरक पुनःपुन्हा आढळतो. रेणूच्या तुकड्यांवरून संरचनेचे अनुमान करतात.

मानवी रक्तरसात फ्ल्युओरीन दोन रूपांत असल्याचे डी. आर. टेव्ह्झ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखविले. त्यांपैकी कार्बनी रूप परफ्ल्युओरोऑक्टॅनॉइक अम्लासारखे असावे, असे १९७६ मध्ये अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने सूचित झाले.

इटलीतील व्हिचेन्त्सा परिसरातील भूजल दूषित करणारा मितेनी कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला; त्याची यंत्रसामग्री पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आणण्यात आली. त्यामुळे महाराष्ट्रात या विषयास विशेष महत्त्व आले आहे. सोलापूर शहरास पाणी पुरविणाऱ्या उजनी जलाशयात पुणे व पिंपरी-चिंचवड या औद्योगिक परिसरातील नद्यांचे पाणी भीमेतून येते. सोलापूर स्वतः वस्त्रोद्योगाचे केंद्र आहे. अशा ठिकाणी यादीतील संयुगे आढळली नाहीत, एवढ्यावरून पाणी निर्दोष ठरत नाही. जलाशय, सांडपाणी व गाळ यांतील एकूण कार्बनी फ्ल्युओरीनही मोजणे आवश्यक असते. पाणी उकळल्याने ही संयुगे नष्ट होत नाहीत. सक्रियित कार्बन व आयन-विनिमय रेझिने यांनी त्यांचे प्रमाण कमी करता येते.