मतपेटीभोवती (९) : चिठ्ठी उचलणारा हात

मतदाराचं वय २१ वरून १८ वर कसं आलं, ते या वेळी सांगणार होतो. ती घटनादुरुस्ती १९८९ सालची आहे. आणखी एक आठवडा थांबली म्हणून काही बिघडत नाही. मध्येच एका बाईंचं पत्र आलं आणि माझी गाडी तिकडे वळली.

बाई सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवतात. तालुक्याहून आलेलं परिपत्रक सांगतं, निवडणूक साक्षरता मंडळ चालवा. मुख्याध्यापक म्हणतात, खुशाल चालवा, पण शाळेत राजकारण नको. ‘मग मी नेमकं काय चालवू?’ असा बाईंचा प्रश्न. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय, ‘आमच्याकडची पाचवीतली एक मुलगी मागे आरक्षणाच्या सोडतीला नेली होती. परत आल्यावर विचारलं, काय झालं गं तिथं? तर म्हणाली, बरणीतनं चिठ्ठ्या काढल्या आणि पेढा मिळाला.’

हा पेढा काही माझ्या डोक्यातून जाईना.

ज्यांनी सोडत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जिल्हा परिषद असो, नगरपालिका असो की ग्रामपंचायत, निवडणुकीआधी कोणती जागा कोणासाठी राखीव, हे जाहीरपणे ठरतं. तालुक्याचं सभागृह किंवा शहराचं नाट्यगृह माणसांनी भरलेलं असतं. मंचावर अधिकारी, समोर आजी-माजी-भावी सगळे. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा साधारणपणे लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लागतात, त्यामुळे तिथे चिठ्ठीला फारसं काम नसतं. महिलांच्या जागा कोणत्या, हे मात्र बहुतेक करून चिठ्ठीवर. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणजे सभागृहातल्या निम्म्या भावी मंडळींचा जीव त्या बरणीत अडकलेला असतो. सारख्या मापाच्या चिठ्ठ्या सगळ्यांना दाखवून गुंडाळतात, पारदर्शक बरणीत टाकतात, बरणी हलवतात. मग गणवेशातलं एक शाळकरी पोर पुढे येतं, बरणीत हात घालतं आणि एक चिठ्ठी अधिकाऱ्याच्या हातात देतं. अधिकारी वाचतात. सभागृहात एकीकडे शिट्ट्या, दुसरीकडे कुणीतरी मोबाइल कानाला लावून तरातरा बाहेर. दुसऱ्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर साहेबांचा फोटो बारीक होतो आणि शेजारी ‘सौ.’ उगवतात.

पोर का, तर त्याचा कशात हितसंबंध नाही म्हणून. पद्धत म्हणून यात खोट काढता येणार नाही. मोठ्या माणसाच्या हातावर कुणाचाच विश्वास बसला नसता. पण जरा उलटं करून बघा. वॉर्डाचं पाच वर्षांचं राजकारण फिरवणारी क्रिया आपण मुलाच्या हातून करून घेतो, आणि त्याची पात्रता एवढीच की त्याला यातलं काही कळत नाही. ते कळायला लागलं, म्हणजे नववी-दहावीत गेलं, की त्याला मंचावर कुणी बोलवत नाही.

मतदानाच्या बाबतीतही तेच. २०२४ च्या निवडणुकांच्या वेळी शाळाशाळांतून मुलांच्या हाती संकल्पपत्रं दिली होती. आईवडिलांनी ‘मी मतदान करीन’ म्हणून सही करायची आणि पोराने ती शाळेत जमा करायची. मला हा प्रकार तेव्हाही रुचला नव्हता. सही झाली, गठ्ठा तालुक्याला गेला, आकडा वर कळवला गेला. पोराचं काम टपाल्याचं.

आता मुख्याध्यापकांच्या भीतीकडे येऊ, कारण ती अगदीच निराधार नाही. प्रचारात मुलांना वापरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१४ मध्ये याबद्दल आदेश दिला. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना पुन्हा बजावताना त्या आदेशाचाही आधार घेतला. मुलांनी पत्रकं वाटायची नाहीत, घोषणा द्यायच्या नाहीत, मिरवणुकीत चालायचं नाही. उमेदवाराने कुणाचं बाळ कडेवर घेऊन प्रचार करायचा नाही. आईबापांबरोबर मूल सभेला नुसतं हजर असेल, तर त्याला मात्र हरकत नाही. थोडक्यात, बंदी आहे ती मुलांना राबवण्यावर. मुलांनी समजून घेण्यावर बंदी घालणारा एकही आदेश माझ्या पाहण्यात नाही. उलट राज्यशास्त्राच्या दहावीच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रियेवर आख्खं प्रकरण आहे. मतदानाच्या दिवशी स्काउट-गाइड आणि एनसीसीची मुलं केंद्रावर आजीआजोबांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलतात, तेही आयोगाच्याच योजनेत बसतं.

शिवाय शाळा गप्प बसली म्हणून गावातलं राजकारण गप्प बसत नाही. ग्रामपंचायतीला पॅनल कुणाचं, कुठली भावकी कुणाच्या बाजूने, हे आठवीतलं पोर बिनचूक सांगतं. त्याला सांगता येत नाही ते एवढंच, की मत दिल्यावर त्या मताचं पुढे काय होतं.

म्हणून बाई, तुम्हाला माझं सांगणं असं, की मुलांना निवडणूक लढवायला शिकवू नका, घ्यायला शिकवा.

शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका बहुतेक शाळांत होतात. हल्ली मोबाइलवर मतदान यंत्राचं अ‍ॅप घेऊन बटण दाबायचं, ‘बीप’ वाजलं की मुलं खूष. मग मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री निवडून येतात, शपथविधी होतो, फोटो निघतो. पाचशे पोरांतल्या आठ-दहा जणांना मंत्रिपद मिळतं आणि बाकीच्यांना बोटावर ठिपका. निवडून बहुधा वर्गात पहिला-दुसरा येणाराच येतो, आणि सहलमंत्र्याला सहल कुठे जाणार हेही कुणी विचारत नाही. सगळी मजा उमेदवारीत, आणि ती मोजक्यांच्या वाट्याला.

याउलट निवडणूक घ्यायची म्हटली, तर वर्गातल्या प्रत्येकाला काम पुरतं. यादी करायची, हरकती ऐकायच्या, अर्ज तपासायचे, माघारीची वेळ पाळायची. मतदानाच्या दिवशी पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने पुकारतो. दुसरा शाई लावतो, नोंदवहीत सही घेतो. तिसरा यंत्र सांभाळतो. खऱ्या केंद्रावर मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचं अभिरूप मतदान घेतात, मोजून दाखवतात आणि पुसून टाकतात. हे का करायचं, असं मुलं विचारतातच. उत्तर कळलं की त्यांना बाकीचं भराभर कळत जातं. या खेळात कुणावरच विश्वास ठेवायचा नाही, असं आधीच ठरलेलं असतं.

मुलांना सगळ्यात आवडतो तो आक्षेप. समोर आलेला मतदार तोतया आहे असं प्रतिनिधीला वाटलं, तर दोन रुपये भरून त्याला हरकत घेता येते. हो, दोनच रुपये, नियमातच तसं आहे. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका मिळते. दोन्ही प्रसंग वर्गात मुद्दाम घडवून आणा. शिकवायला बाहेरून कुणाला बोलवायची गरज नाही. तुमच्या शिक्षकखोलीत केंद्राध्यक्ष म्हणून जाऊन आलेले दोघे-तिघे नक्की असतील. रात्री वर्गात सतरंजीवर झोपलो, डास किती चावले, साहित्य जमा करायला पहाट झाली, हे ते वर्षानुवर्षं सांगत असतात. एकदा पोरांना सांगू देत.

यंत्र नको, कागदच घ्या, असा माझा हट्ट आहे. त्याचं कारण बाणफुली. मतपत्रिकेवर मारायचा तो बाणांच्या फुलीचा शिक्का आठवत असेल. त्याची टोकं एका दिशेला वळलेली असतात, ती शोभेसाठी नाहीत. शाई ओली असताना कागदाची घडी घातली, की ठसा दुसऱ्या उमेदवारासमोरही उमटतो. पण तो आरशातल्यासारखा उलटा. टोकं कुठे वळली आहेत ते पाहिलं, की खरं मत कुठलं आणि डाग कुठला, ते मोजणाऱ्याला लगेच कळतं. साधी अधिक-गुणाकाराची फुली असती, तर दोन्ही सारखेच दिसले असते आणि ढीगभर मतं बाद झाली असती.

एका शाळेत हा प्रयोग करताना मुलांनी शिक्का खोडरबरावर कोरला. चित्रात होता तसाच्या तसा कोरला, त्यामुळे कागदावर उमटला उलटा. मतमोजणीला बसल्यावर एका प्रतिनिधीने नियम पुढे केला, की उलटा ठसा म्हणजे डाग, तेव्हा ही सगळीच मतं बाद. गोंधळ उडाला. निवडणूक निर्णय अधिकारी नववीतली एक मुलगी होती. तिने खोडरबर मागवला, कोऱ्या कागदावर सगळ्यांसमोर एक ठसा मारला आणि म्हणाली, ‘आपला शिक्काच असा आहे, म्हणून आज हाच सरळ.’ मग ते कागदावर लिहून सगळ्या प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. सर मागे उभे होते, त्यांना तोंड उघडावं लागलं नाही. निवडून कोण आलं ते मला आता आठवत नाही.

जिवंत राजकारण हवंच असेल, तर विधानसभेचा निकाल लागून आचारसंहिता संपल्यावर आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांची शपथपत्रं वर्गात आणा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांमुळे ती भरावी लागतात आणि कुणालाही वाचता येतात. गुन्हे, जमीन, सोनं, कर्ज, शिक्षण, सगळं त्यात. सगळ्या उमेदवारांची एकत्र वाचा, म्हणजे मुख्याध्यापकांनाही पक्षपाताची धास्ती नको. पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्र शेजारी ठेवून वजाबाकी मुलांनाच करू दे.

अकरावी-बारावीचे वर्ग असतील तर आणखी एक. सतरा पूर्ण झालेल्यांना आता नमुना ६ आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. ज्या तारखेला अठरा पूर्ण होतात, तिच्यानुसार नाव यादीत येतं. पूर्वी १ जानेवारी एकच होती, आणि २ जानेवारीला जन्मलेला वर्षभर बसून राहायचा.

आणि पुढची सोडत लागेल तेव्हा तुमच्या शाळेतली पाचवीची मुलगी जाऊ दे, पण बरोबर नववीचे चार जण पाठवा. सोडत जाहीर असते, प्रेक्षकांत बसायला कुणाची परवानगी लागत नाही. आदल्या दिवशी त्या भागाची लोकसंख्या आणि मागच्या वेळचं आरक्षण फळ्यावर मांडून, चिठ्ठीविना ठरणाऱ्या जागा कोणत्या ते त्यांच्याकडून काढून घ्या. काय निघालं ते मला कळवा.

पुढच्या रविवारी ६१ वी घटनादुरुस्ती. शाईबद्दल तिघांनी विचारलंय, पण त्यांना थांबावं लागेल.